घडीवरून कुळ : सूक्ष्मजीवांतील हीमधारी विकरांची नातीगोती



आजच्या व्याख्यानाचे शीर्षक ऐकून, हा विषय प्रयोगशाळेतील विद्वानांचा, व्यापारी-व्यावसायिकांच्या सभेत त्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न काहींच्या मनात उभा राहिला असेल. तो स्वाभाविक आहे. परंतु गिरणीत पांढरे होणारे सुती कापड, रंगशाळेच्या सांडपाण्यातून वाहणारा निळा रंग, जंगलात कुजणारे लाकूड आणि क्षयरोग्याने रोज नेमाने घ्यावयाची गोळी, या चारही गोष्टींचे सूत एका ठिकाणी जुळते. ते ठिकाण म्हणजे सूक्ष्मजीवांच्या पेशीतील काही लोहयुक्त विकरे होत. ही विकरे कोण कोणाची नातलग, कोण नुसती दिसायला सारखी आणि कोण अगदीच परकी, याचा उलगडा गेल्या काही दशकांत झाला आहे. हा उलगडा केवळ विद्वत्तेचा विलास नसून त्यावर रुग्णांचे प्राण अवलंबून असतात, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

विकर आणि हीम

विकर म्हणजे एंझाइम. पेशीतील रासायनिक व्यवहार घडवून आणणारे हे प्रथिन होय. बाजारातील दलाल दोन पेढ्यांत सौदा जुळवून देतो, पण स्वतः मालात अडकत नाही. एक सौदा पुरा झाला की दुसऱ्यासाठी मोकळा होतो. विकराचे कामही तसेच. ते क्रिया घडवते आणि स्वतः न खर्चता पुढच्या क्रियेला सिद्ध राहते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. ही माळ सैल पडून राहत नाही. ती ठरावीक रीतीने वळते, दुमडते आणि तिची एक पक्की घडी बसते. या घडीच्या आत एक खोबण तयार होते आणि काही विकरांच्या खोबणीत हीम नावाचा घटक बसलेला असतो. हीम म्हणजे चार लहान वलये जोडून झालेली एक सपाट चकती आणि तिच्या मध्यभागी बसलेला लोहाचा एक अणू. रक्ताचा तांबडा रंग या हीमचाच. वनस्पतींच्या हरितद्रव्यातही याच जातीची चकती असते; तेथे मध्यभागी लोहाऐवजी मॅग्नेशियम असते, एवढाच मुख्य भेद.

हिमोग्लोबिनमधील हीम ऑक्सिजन वाहून नेते. विकरातील तेच हीम पेरॉक्साइड फोडते. घटक एकच असता कामात एवढा फरक कशाने पडतो? उत्तर खोबणीत आहे. हीमला खालून कोणते अमिनो आम्ल धरून ठेवते आणि वरच्या बाजूस कोणती अमिनो आम्ले पहारा करतात, यावर त्याचे काम ठरते. हिरा तोच, कोंदण बदलले की दागिना बदलतो.

पेरॉक्साइडची उधारी

हायड्रोजन पेरॉक्साइड हे द्रव्य फ्रेंच रसायनज्ञ थेनार यांनी १८१८ मध्ये प्रथम तयार केले. कापडाच्या धंद्यातील मंडळींना ते चांगलेच परिचित आहे, कारण सुती कापडाची धुलाई व शुभ्रीकरण आज मोठ्या प्रमाणावर त्याच्याच साह्याने होते. हेच द्रव्य प्रत्येक श्वास घेणाऱ्या पेशीतही अल्प प्रमाणात सतत तयार होत असते. ऑक्सिजनवर जगण्याची ती किंमत आहे. साठू दिले तर ते पेशीतील सुट्या लोहाशी संयोग पावून अत्यंत दाहक कण निर्माण करते आणि जनुकांपासून पेशीच्या आवरणापर्यंत सर्वांची हानी करते. म्हणून त्याची विल्हेवाट लावणारी विकरे बहुतेक सर्व ऑक्सिजनजीवी पेशींत असतात. जखमेवर पेरॉक्साइड टाकताच फेस येतो, तो रक्तातील व ऊतींतील अशाच विकराचा पुरावा होय. रोगनिदान प्रयोगशाळेत काचपट्टीवरील जीवाणूंवर याच द्रव्याचा थेंब टाकतात. फेस आला तर स्टॅफिलोकॉकस, न आला तर स्ट्रेप्टोकॉकस, असा प्राथमिक निवाडा त्यावरून करता येतो.

या विकराला १९०० मध्ये ऑस्कर लोव यांनी कॅटालेज हे नाव दिले. १९३७ मध्ये अमेरिकेत जेम्स समनर आणि अलेक्झांडर डाउन्स यांनी गाईबैलांच्या यकृतातील कॅटालेजचे स्फटिक मिळवले. विकरे ही प्रथिनेच असतात हे सिद्ध करणाऱ्या समनर यांना पुढे १९४६ चे नोबेल पारितोषिक लाभले.

कॅटालेजचे एक भावंड म्हणून पेरॉक्सिडेज या विकरांचे नाव घेतले जाते. दोघांच्या कामाची रीत समजण्यासाठी जमाखर्चाचा दाखला पुरेसा आहे. पेरॉक्साइडचा रेणू हीमजवळ आला की तो फुटतो. त्यातील एक ऑक्सिजन लोहावर राहतो आणि उरलेला भाग पाणी होऊन निघून जातो. या व्यवहारात विकराच्या खाती दोन इलेक्ट्रॉनांची उधारी चढते. ही उधारी फेडल्याविना विकराला पुढचा व्यवहार करता येत नाही. कॅटालेज ती पेरॉक्साइडच्याच दुसऱ्या रेणूकडून भागवते आणि त्यातून ऑक्सिजन वायू सुटतो. जखमेवरचा फेस तो हाच. पेरॉक्सिडेज मात्र ती रक्कम तिऱ्हाइताकडून वसूल करते. तो तिऱ्हाईत कधी रंगद्रव्याचा रेणू असतो, कधी लाकडातील लिग्निन, कधी क जीवनसत्त्व. ज्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढले जातात तो रेणू बदलतो, मोडतो, क्वचित रंगहीन होतो. उधारी एकच; फेडण्याच्या तऱ्हा दोन.

नाते ओळखावे कसे?

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. एकच काम करणारी दोन विकरे एकाच कुळातील मानावीत काय?

दुकानात आलेले गिऱ्हाईक रंग पाहते, छपाई पाहते. पारखी व्यापारी कापड उलटे करतो, कडेचा धागा उसवून पाहतो, वीण साधी आहे की ट्विल की साटीन हे न्याहाळतो, प्रसंगी सूत जाळून त्याचा वास घेतो. एकाच छपाईची दोन कापडे पोताने पूर्ण भिन्न असू शकतात आणि रंगाने न जुळणारी दोन ठाणे एकाच मागावरची असू शकतात. विकरांचेही तसेच आहे. काम ही वरची छपाई. अमिनो आम्लांचा क्रम हे सूत. आणि घडी ही वीण. काळाच्या ओघात सूत बदलत जाते, एक एक अमिनो आम्ल पालटत जाते, पण वीण फार सावकाश बदलते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे नाते शोधायचे तर घडी पाहावी लागते.

ही घडी प्रथम दिसली १९८० मध्ये. थॉमस पूलोस, जोसेफ क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात यीस्टमधील सायटोक्रोम सी पेरॉक्सिडेज या विकराची रचना क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली. हीमधारी पेरॉक्सिडेजची ती पहिलीच स्फटिकरचना होती. माळेचे दहाच्या आसपास पीळ, त्यांच्या दोन भागांत दाबून धरलेले हीम, खालून लोहाला धरणारे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आणि वरच्या बाजूस पहाऱ्याला आणखी एक हिस्टिडिन व एक आर्जिनिन, अशी ती घडण आहे.

त्यानंतर १९९२ मध्ये डेन्मार्कच्या विदुषी कॅरेन वेलिंडर यांनी वनस्पती, बुरशी आणि जीवाणू यांतील पेरॉक्सिडेजांचे क्रम शेजारी ठेवून एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते ही सारी एकाच महाकुलाची तीन घराणी आहेत. पहिल्या घराण्यात यीस्टमधील वर सांगितलेले विकर, हरितलवकातील क जीवनसत्त्वावर चालणारे विकर आणि जीवाणूंतील द्विगुणी कॅटालेज-पेरॉक्सिडेज. दुसऱ्यात बुरशीने पेशीबाहेर सोडलेली, लाकूड पोखरणारी विकरे. तिसऱ्यात वनस्पतींनी पेशीबाहेर सोडलेली विकरे. हॉर्सरॅडिश या तिखट मुळातील पेरॉक्सिडेज त्यांपैकी एक असून रोगनिदानाच्या एलायझा चाचण्यांत रंग उमटवण्यासाठी ते जगभर वापरले जाते. या घराण्यांतील दूरच्या सदस्यांत अमिनो आम्लांचा क्रम २० टक्क्यांहूनही कमी जुळतो. तरीही १९९३ मध्ये बुरशीच्या लिग्निन पेरॉक्सिडेजची रचना हाती आली तेव्हा घडी तीच निघाली. सूत बदलले होते, वीण टिकली होती.

एकच काम, परकी कुळे

जीवाणूंतील कॅटालेज-पेरॉक्सिडेज या विकराला शास्त्रज्ञ कॅटजी म्हणतात. नावाप्रमाणे ते दोन्ही तऱ्हांनी उधारी फेडते. त्याची माळ आपल्या भाऊबंदांच्या माळेपेक्षा जवळपास दुप्पट लांब असते. वेलिंडर यांनी १९९१ मध्येच दाखवून दिले होते की, या विकराचे दोन अर्धे भाग एकमेकांशी जुळतात. म्हणजे प्राचीन काळी एका जनुकाची नक्कल होऊन दोन प्रती एकापुढे एक जोडल्या गेल्या. आज हीम फक्त पहिल्या भागात बसते. दुसरा भाग रिकामा असूनही निरुपयोगी नाही. जीवाणूंवरील प्रयोगांत तो काढून टाकताच पहिल्या भागाची खोबण बिघडली आणि काम थांबले. वेगळा तयार केलेला दुसरा भाग परत मिसळला तेव्हा काम पुन्हा सुरू झाले. धाकटा भाऊ गल्ल्यावर बसत नसला तरी पेढी त्याच्या आधारावर उभी असते, असाच हा प्रकार.

आता यकृतातील कॅटालेज आणि हे कॅटजी शेजारी ठेवून पाहू. दोघांच्या पोटी हीम आहे, दोघे पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन करतात. पण खऱ्या कॅटालेजची घडी सर्वस्वी निराळी आहे. तिच्या मध्यभागी पिळांऐवजी पट्ट्यांचे पिंप असते, चार माळा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि हीमला खालून हिस्टिडिन नव्हे, तर टायरोसिन धरते. दोघांचा पूर्वज एक असल्याची कोणतीही खूण नाही. कॅटजीने कॅटालेजचे काम आपल्या स्वतंत्र युक्तीने साधले आहे. त्याच्या खोबणीत ट्रिप्टोफॅन, टायरोसिन आणि मेथिओनिन ही तीन अमिनो आम्ले एकमेकांना कायमची जोडली गेलेली असतात. हा सांधा प्रयोगशाळेत मोडला की कॅटालेजचे काम नाहीसे होते, पेरॉक्सिडेजचे मात्र राहते. याखेरीज तिसऱ्या एका कुळातील कॅटालेज हीमविनाच, मँगेनीजच्या बळावर तेच काम करते. पेरॉक्साइडचे संकट सर्वांवर समान होते, म्हणून त्यावरचा उपाय निसर्गाने एकाहून अधिक वेळा शोधून काढला. समान आचार हा समान वंशाचा पुरावा नव्हे.

क्षयाची गोळी आणि एका अक्षराचा फेर

कोणी विचारील, कुळ हे असो की ते असो, माणसाचे त्यात काय अडले? याचे उत्तर क्षयरोगाच्या इतिहासात आहे.

आयसोनियाझिड हे द्रव्य १९१२ मध्ये प्राग येथे मेयर आणि माली यांनी तयार केले. पुढची चाळीस वर्षे त्याचा औषधी गुण कोणाला ठाऊक नव्हता. १९५२ मध्ये ते क्षयावर गुणकारी असल्याचे स्पष्ट झाले आणि उपचारांचे स्वरूप पालटले. भारतात मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षय-संशोधन केंद्राने १९५९ मध्ये जगाला दाखवून दिले की, या औषधाच्या आधारे गरीब रुग्णावर त्याच्या घरीही आरोग्यधामाइतकेच यशस्वी उपचार करता येतात. पुढे अनेक देशांच्या क्षय-कार्यक्रमांनी हाच मार्ग स्वीकारला.

मात्र लवकरच औषधाला न जुमानणारे जंतू आढळू लागले. १९५४ मध्ये मिडलब्रुक यांना दिसले की, अशा पुष्कळ जंतूंवर पेरॉक्साइड टाकले असता फेस येत नाही. म्हणजे त्यांचे कॅटालेज गेलेले असते. औषध निष्प्रभ होणे आणि कॅटालेज जाणे यांचा संबंध काय, हे कोडे पुढे अडतीस वर्षे तसेच राहिले. १९९२ मध्ये यिंग झांग, स्ट्यूअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी ते सोडवले. दाद न देणाऱ्या काही जंतूंत कॅटजीचे जनुकच नाहीसे झालेले होते. क्षयजंतूच्याच जातकुळीतील एका निरुपद्रवी पण औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूत ते जनुक घातले, तेव्हा तो पुन्हा औषधाला बळी पडू लागला.

याचा अर्थ असा की, आयसोनियाझिड जसे गोळीत असते तसे ते जंतूला मारत नाही. ते मोहरबंद हुंडीसारखे आहे. क्षयजंतूचे स्वतःचे कॅटजी ती मोहर फोडते. सिद्ध झालेले औषध मग पेशीतील एका सहविकराशी जोडले जाते आणि जंतूच्या मेणचट आवरणाला लागणारी आम्ले बनवणारे विकर बंद पाडते. आवरण दुबळे झाले की जंतू मरतो. क्षयजंतू आपल्या शरीरातील भक्षक पेशींत दडून बसतो आणि त्या पेशी त्याच्यावर पेरॉक्साइडसारख्या दाहक द्रव्यांचा मारा करतात. त्यापासून बचावासाठी त्याच्याजवळ एकच कॅटालेज आहे, ते म्हणजे हे कॅटजी. ज्या ढालीने तो जगतो, त्याच ढालीतून त्याचा मृत्यू आत शिरतो.

मग जंतूने काय करावे? ढाल टाकून दिली तर औषध चालत नाही, पण शरीराचा मारा सोसवत नाही. येथे उत्क्रांतीने एक बारीक वाट काढली. कॅटजीच्या ७४० अमिनो आम्लांच्या माळेत ३१५ व्या जागी सेरिन असते. जनुकाच्या लेखात एका 'जी' या अक्षराच्या जागी 'सी' आले की तेथे सेरिनऐवजी थ्रिओनिन बसते. थ्रिओनिन किंचित मोठे आहे. ती जागा हीमकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशीच असल्याने वाट अरुंद होते. लहानसे पेरॉक्साइड आत जाऊ शकते, औषधाचा मोठा रेणू नीट पोहोचत नाही. २००४ मध्ये क्षयजंतूच्या कॅटजीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा हा अरुंद दरवाजा नेमका कोठे आहे ते समजले. आज आयसोनियाझिडला न जुमानणाऱ्या क्षयजंतूंपैकी निम्म्याहून अधिकांत हाच एका अक्षराचा फेर सापडतो. खतावणीतील एक आकडा चुकला तर वर्षअखेर ताळेबंद जुळत नाही. येथे एका अक्षराने एका जिवाचा ताळेबंद बिघडतो.

या कुळाची कहाणी कुष्ठरोगाच्या जंतूपर्यंत पोहोचते. तो क्षयजंतूचा जवळचा नातलग. त्याचा संपूर्ण जनुकलेख २००१ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात शेकडो जनुके मोडक्या अवस्थेत आढळली. कॅटजीचे जनुकही त्यांपैकीच एक. मोहर फोडणारेच नाही म्हटल्यावर आयसोनियाझिडचा कुष्ठरोगावर काही उपयोग होऊ नये, हे ओघाने आले. एका भावावर गुणकारी ठरलेले औषध दुसऱ्या भावावर का चालत नाही, ते असे वंशावळीवरून उमगते.

लाकूड आणि रंग

महाकुलाचे दुसरे घराणे बुरशींचे. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन हे निसर्गातील अत्यंत चिवट द्रव्य आहे. १९८३ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी एका पांढऱ्या कुजीच्या बुरशीतून लिग्निन फोडणारे पेरॉक्सिडेज शोधून काढले. धिंगरी अळंबीही याच कुजीच्या बुरशींपैकी आहे. २०१२ मध्ये ३१ बुरशींचे जनुकलेख ताडून काढलेल्या अनुमानानुसार अशा विकरांचा उदय सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचा. पृथ्वीवरील प्रचंड कोळसासाठ्यांचा काळ त्याच सुमारास ओसरला. तेव्हा लाकूड कुजवणारे कोणी नव्हते म्हणून कोळसा साठला, असा तर्क त्यावरून पुढे आला. मात्र २०१६ मध्ये अन्य अभ्यासकांनी तो खोडून काढला. त्यांच्या मते कोळशाचे कारण त्या काळचे हवामान आणि भूभागांच्या हालचाली यांत आहे. विकरांची वंशावळ बरोबर असली तरी तिच्यावरून काढलेला प्रत्येक इतिहास बरोबर असेलच असे नाही, हा त्यातील बोध. तपकिरी कुजीच्या बुरशींनी तर ही वडिलोपार्जित विकरे पुढे मोठ्या प्रमाणात गमावली आणि लाकूड खाण्याचा निराळा मार्ग धरला. वारसा मिळतो, तसा तो सुटतोही.

आता कापडाच्या धंद्याशी थेट नाते सांगणारा भाग. रंगशाळेच्या पाण्यातील अँथ्राक्विनोन जातीचे निळे रंग सहजी नष्ट होत नाहीत. जपानमध्ये किम आणि शोडा यांनी १९९९ मध्ये, असे रंग घालवणाऱ्या एका बुरशीतून एक पेरॉक्सिडेज शुद्ध केले. त्याला रंगनाशक पेरॉक्सिडेज असे नाव मिळाले. ते लिग्निन पेरॉक्सिडेजसारखेच काम करीत असल्याने त्याच घराण्यातील असावे, अशी कोणाचीही समजूत झाली असती. परंतु घडी पाहिली तेव्हा ती मुळीच जुळेना. पिळांच्या जुडीऐवजी मध्ये पट्ट्यांचा पडदा आणि भोवती पीळ. वरच्या पहाऱ्यावर हिस्टिडिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल. हे २००७ मध्ये सिद्ध झाले. हे सर्वस्वी नवे कुळ होते. पुढे त्याचे भाऊबंद बुरशींपेक्षा जीवाणूंत अधिक आढळले. खुद्द क्षयजंतूतही ते आहे.

या कुळाचा एक नातलग क्लोराइट हे विषारी द्रव्य फोडून ऑक्सिजन मोकळा करतो. आणखी एकाचे काम तर विस्मयकारक आहे. स्टॅफिलोकॉकससारख्या जीवाणूंत हीम तयार होण्याची अखेरची पायरी हाच नातलग पार पाडतो, असे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. माणसाच्या पेशी हीम वेगळ्या वाटेने करतात. म्हणून ही पायरी अडवणारे औषध मिळाले तर जीवाणू मरेल आणि रुग्णाच्या स्वतःच्या हीमला धक्का लागणार नाही, अशी आशा संशोधकांना वाटते. एकाच घडीचे तीन भाऊ: एक रंग नासवतो, एक विष फोडतो, तिसरा हीमच घडवतो. येथे घडी एक आणि काम तीन. कॅटालेजच्या बाबतीत काम एक आणि घड्या तीन. या दोन उदाहरणांतच सारा विषय सामावला आहे.

चार स्वतंत्र कुळे

व्हिएन्ना येथील क्रिस्टियन ऑबिंगर, मार्सेल झामोकी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या सर्व संशोधनाची एकत्र मांडणी केली. त्यांच्या निष्कर्षानुसार हीमधारी पेरॉक्सिडेजांची चार महाकुले एकमेकांपासून स्वतंत्रपणे उदयास आली. पहिले कॅटजी व लाकूड पोखरणाऱ्या विकरांचे, दुसरे रंगनाशकांचे. तिसऱ्याचे पूर्वज जीवाणूंत सापडतात आणि वंशज मानवी शरीरात. पुवाला हिरवट छटा देणारे श्वेतपेशींतील विकर त्यांतलेच. ते रोगजंतूंवर जे द्रव्य सोडते, तेच द्रव्य धुलाईच्या ब्लीचमध्ये असते. अ‍ॅस्पिरिन ज्यावर लागू पडते ते विकरही याच महाकुलातील. चौथे लहान महाकुल बुरशींचे असून त्यात हीमला खालून सिस्टिइन धरते.

शुभ्रीकरणानंतर कापडात उरलेले पेरॉक्साइड पुढे रंगाला बाधक ठरते. पूर्वी ते घालवण्यासाठी गरम पाण्याच्या धुण्यामागून धुणी करावी लागत. आता अनेक रंगशाळांत सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले कॅटालेज थोड्या वेळात ते काम उरकते आणि पाणी व इंधन वाचवते. तेथे खरे कॅटालेज हवे. ते पेरॉक्साइडची उधारी पेरॉक्साइडकडूनच फेडते, रंगाला हात लावत नाही. त्याच्या जागी पेरॉक्सिडेज घातले तर ते रंगाकडूनच वसुली करील. कुळ न पाहता माल घेणाऱ्याचे असे नुकसान होते.

परंतु सर्वांत मोठे नुकसान क्षयरोग्याचे होते, आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. तो एका अक्षराचा फेर लाखो-कोटी जंतूंमागे एखाद्यात आपोआप घडत असतो. म्हणूनच डॉक्टर एक औषध न देता तीन-चार औषधे एकत्र देतात. एकातून निसटलेला जंतू दुसऱ्याने मारला जातो. रुग्णाने दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडल्या, किंवा एखादीच गोळी घेतली, की नेमका तो निसटलेला जंतू मागे उरतो, वाढतो आणि घरातील दुसऱ्यांपर्यंत पोहोचतो. आज लाइन प्रोब नावाच्या चाचणीने कॅटजीमधील ३१५ वी जागा थुंकीच्या नमुन्यातून थोड्या दिवसांत तपासता येते. जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीला २००८ मध्ये मान्यता दिली. आयसोनियाझिड चालत नाही असे ठरले तर दुसरी औषधयोजना उपलब्ध आहे. नातलगात, शेजारात, दुकानातील कामगारांत कोणाला क्षय झाला तर दोन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे: औषधाला जंतू दाद देतो की नाही याची तपासणी, आणि डॉक्टर सांगतील तितके महिने अखंड औषध. कामगाराची त्या काळातील रोजी चालू ठेवणे हा त्याच उपचाराचा भाग समजावा. मजुरी बुडेल या भीतीने गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात.

वेलिंडर यांनी क्रम ताडले तेव्हा, किंवा पूलोस यांनी यीस्टच्या विकराची घडी उलगडली तेव्हा, क्षयरोग हा त्यांचा विषय नव्हता. कोण कोणाचा नातलग, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. त्या निरपेक्ष जिज्ञासेतून जी वंशावळ सिद्ध झाली, तिच्या आधारे आज कोणती गोळी कोणत्या रुग्णाला लागू पडेल आणि कोणाला नाही, याचा उलगडा होतो. वरची छपाई पाहून न भुलता वीण तपासण्याची जी सवय पेढीवर अंगी बाणते, तीच या शास्त्राचीही पहिली अट आहे.